डबलसीटवाल्याला शिकवा

"आमचा पिंट्या आठवीपासून ॲक्टिवा चालवतो, एकदम सफाईदार!"

हे वाक्य लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमधे, गणपतीच्या मांडवात, कुठेही ऐकू येतं. आणि म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय ते कौतुक! जणू काही पिंट्या आठवीतच संगीत विशारद झालाय. ऐकणारे "अरे वा" म्हणतात. एखादी मावशी "बरंय बाई, दूध-भाजी आणायला उपयोगी पडतो" अशी पुस्तीही जोडते. पण पिंट्याचं वय काय आणि लायसन्स कुठंय, हे कोणी विचारत नाही. विचारणारा खडूस ठरतो.

तर मंडळी, आजचा लेख खडूस माणसाचा आहे. आधीच सांगितलेलं बरं.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. आपल्याकडे गाडी चालवायचं वय १८ पूर्ण. १६ व्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची, बिनगियरची दुचाकी. हे कलम लुनाच्या जमान्यात ठीक होतं. आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीच्या आहेत, म्हणजे सोळा वर्षांच्या पोराच्या हातात त्या बेकायदेशीरच. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. चांगलं कडक कलम आहे की नाही?

आता कुठल्याही अकरावी-बारावीच्या क्लासबाहेर संध्याकाळी सात वाजता उभे रहा आणि स्कूटरी मोजा. लायसन्सच्या वयाची मुलं किती आणि स्कूटरी किती, हा हिशेब जुळला तर मला कळवा. शिवाय एकेका स्कूटरवर किती जण आहेत तेही मोजा. दोन, तीन... हेल्मेट असलंच तर आरशाला लटकवलेलं.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पहाटेच्या वेळी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने मोटरसायकलला उडवलं. मोटरसायकलवरचे दोघंही गेले. दोघंही सॉफ्टवेअर इंजिनियर, विशीतले. मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीसाठी आलेले. म्हणजे तुमच्या-माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधे बसू शकले असते असे. आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेल्या अटींपैकी एक अट होती, अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध! देशभर आरडाओरडा झाला, तीन दिवसांत आदेश फिरवून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, पुढे उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं... ती सगळी कोर्टाची गोष्ट आहे, त्यात मी पडत नाही.

मला त्या निबंधाबद्दल बोलायचंय. सगळ्यांना तो निबंध हास्यास्पद वाटला. मला तो अगदी ओळखीचा वाटला. कारण टीनएजर मुलांना रस्त्याबद्दल काही शिकवायचं म्हटलं की आपण वर्षानुवर्षं दुसरं काय करतोय? जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह येतो (हल्ली त्याचा महिना झालाय). शाळेत निबंध स्पर्धा, चित्रकला स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा. एक साहेब येतात, भाषण करतात, अपघाताचे अंगावर काटा आणणारे फोटो दाखवतात. मुलं टाळ्या वाजवतात. कार्यक्रम संपतो आणि दहा मिनिटांत तीच मुलं ट्रिपलसीट गेटबाहेर पडतात. मंडळाने नवीन काहीच केलं नाही हो. आपलाच अभ्यासक्रम दिला!

*

माझा मुद्दा सरळ आहे. पिंट्याला गाडी चालवायला कोणी शिकवलं? बाबांनी फार तर ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दाखवला. बाकी सगळं मित्रांनी शिकवलं. कुठल्या गल्लीतून गेलं की मामा भेटत नाही, सिग्नल पिवळा झाला की मुठ पिळायची, मान वाकडी करून खांद्यात मोबाईल कसा धरायचा, घाटात बसला ओव्हरटेक कसं करायचं. म्हणजे समवयस्कांनी समवयस्कांना शिकवणं, ज्याला मोठी माणसं भारदस्तपणे पिअर एज्युकेशन म्हणतात, ते आपल्याकडे जोरात चालू आहेच. अभ्यासक्रम ठरलेला आहे, शिक्षक भरपूर आहेत, हजेरी शंभर टक्के. फक्त जे शिकवलं जातंय ते जीवघेणं आहे.

आपल्या धंद्यातलंच बघा ना. नवीन जॉइन झालेल्या पोराला तीन दिवस इंडक्शन देतात. सिक्युरिटीचं सक्तीचं ट्रेनिंग असतं, जे आपण सगळे नेक्स्ट-नेक्स्ट दाबत संपवतो. त्यातलं काय लक्षात रहातं? काम तो शिकतो शेजारी बसलेल्याकडून. शेजारचा म्हणाला "डायरेक्ट प्रॉडक्शनवर टाक रे, काही होत नाही", की तो तेच करतो. शेजारचा म्हणाला "थांब, आधी रिव्ह्यू करून घेऊ", की तो थांबतो. एचआरच्या पीपीटीने आजवर एकही सर्व्हर वाचवलेला नाही.

आता जरा संशोधनाकडे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मधे एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३०६ जण, तीन वयोगट. १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ ची तरुण पोरं आणि २४ च्या पुढचे. सगळ्यांना कॉम्प्युटरवर गाडीचा एक खेळ दिला. सिग्नल पडायच्या आत जास्तीत जास्त पुढे जायचं, पण उशीर झाला तर टक्कर. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी मित्र उभे होते. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी पत्करलेला धोका जवळपास दुप्पट झाला, मधल्या गटाचा निम्म्याने वाढला आणि मोठ्यांच्या खेळात फरक पडला नाही. एकटा असताना तोच मुलगा बऱ्यापैकी शहाण्यासारखा खेळतो! म्हणजे त्याला धोका कळत नाही असं नाही. मित्रासमोर त्याला धोक्यापेक्षा दुसरं काहीतरी महत्त्वाचं वाटतं.

खेळात एक ठीक आहे, खऱ्या रस्त्यावर काय? अमेरिकेत २००० साली याच विषयावर एक अभ्यास झाला. तिकडे सोळाव्या वर्षी कार चालवता येते. सोळा वर्षांचा ड्रायव्हर एकटा असतानाच्या तुलनेत गाडीत एक जण बसवला की ड्रायव्हरच्या मृत्यूचा धोका १.३९ पट, दोन बसवले की १.८६ पट, तीन किंवा जास्त असले की २.८२ पट. आणि गंमत बघा (गंमत म्हणायची पद्धत आहे म्हणून), २०१२ च्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात सोबत ३५ च्या वरचा माणूस असेल तर धोका उलट कमी झालेला दिसला. गाडी तीच, हात तेच. शेजारी कोण बसलंय यावर जीव ठरतो.

आता हे आपल्या दुचाकीवर आणा. आपल्याकडे शेजारी नाही, मागे बसतात. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मधे भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीवाले. आणि त्या पन्नास हजारांत १४,३३७ जण गाडी चालवतच नव्हते, मागे बसले होते. चौदा हजार माणसं! त्यांच्या हातात ना ब्रेक होता ना हँडल. त्यांच्याकडे होतं फक्त तोंड.

म्हणून मी म्हणतो, चालवणाऱ्याला शिकवायच्या आधी डबलसीटवाल्याला शिकवा. आजवर आपली सगळी भाषणं चालवणाऱ्याला उद्देशून झाली. मागे बसलेल्याला कोणी काही सांगितलंच नाही. आणि तोच तर त्याचा प्रेक्षक आहे! "अरे पिळ ना", "तो बघ पुढे गेला", "काय आजीसारखा चालवतोस" हे सगळे डायलॉग मागून येतात. तेच तोंड "हळू घे नाहीतर मी उतरतो" एवढं म्हणायला शिकलं, तर साहेबांच्या शंभर भाषणांनी होणार नाही ते काम होईल. आपल्या भाषेत सांगायचं तर मागे बसलेला म्हणजे रिव्ह्यूअर. त्याने अप्रूव्ह केल्याशिवाय गाडी स्टँडवरून निघता कामा नये.

हे माझं डोकं चालवून काढलेलं खूळ नाही. कायद्यालाही हे माहीत आहे. शिकाऊ लायसन्सवर मोटरसायकल चालवताना शिकवणारा सोडून मागे कोणी बसवायचा नाही असा नियम आहे. किती जणांना ठाऊक आहे? आणि त्यातली गोम अशी की शिकाऊ लायसन्सला तीस दिवस झाले, आठचा आकडा काढून दाखवला, पक्कं लायसन्स मिळालं की त्याच संध्याकाळी तुम्ही मित्राला मागे बसवून रात्री बारा वाजता सिंहगड पायथ्याला जायला मोकळे. न्यूझीलंडने १९८७ मधेच टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं. मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने चालवायचं नाही आणि अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय मित्रांना बसवायचं नाही. पुढे अमेरिकेतल्या राज्यांनीही हीच वाट धरली. आपल्याकडे मधला टप्पाच नाही. काल शिकाऊ, आज पक्का.

*

आता आक्षेप. मला ठाऊक आहे काय काय येणार ते.

आक्षेप पहिला: "म्हणजे शाळा-कॉलेजात गाडी शिकवायची? हे तर अल्पवयीनांना प्रोत्साहन!" नाही. अजिबात नाही. उलट गाडी हाकायचं कसब लवकर शिकवण्याच्या मी विरोधात आहे. शाळांमधून दिल्या जाणाऱ्या ड्रायव्हिंगच्या शिक्षणावर २००१ मधे कोक्रेनचा आढावा झाला. निष्कर्ष असा की त्यामुळे मुलं लायसन्स लवकर काढतात, अपघात कमी झाल्याचा पुरावा मात्र नाही. नॉर्वेने १९७९ मधे घसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तर तरुण पुरुषांचे अपघात उलटे वाढले. का? तर आपल्याला आता सगळं येतं असं पोरांना वाटायला लागलं. आमचा पिंट्या "एकदम सफाईदार" चालवतो ना, हाच प्रॉब्लेम आहे. तेव्हा क्लच-ब्रेक नाही शिकवायचं. कधी बसायचं नाही, कधी उतरायचं आणि ते मित्राचा अपमान न करता कसं म्हणायचं, हे शिकवायचं. त्यासाठी कुठलंही लायसन्स लागत नाही.

आक्षेप दुसरा: "मुलं मुलांचं काय ऐकणार? त्यापेक्षा पोलीस बोलवा." अमेरिकेत १९८३ पासून हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला, गाडीसाठी नाही, ड्रग्जसाठी. युनिफॉर्ममधले पोलीस वर्गात जाऊन शिकवायचे. डेअर नावाचा हा कार्यक्रम प्रचंड लोकप्रिय झाला, आणि एकामागून एक अभ्यासांनी दाखवलं की त्याचा मुलांच्या वागण्यावर जवळपास काही परिणाम नाही. दुसरीकडे १९८१ मधे मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड गावात विद्यार्थ्यांचे अपघाती मृत्यू झाल्यावर दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध मुलांचीच संघटना उभी राहिली, सॅड नावाची. त्यांनी एक करार काढला. मुलगा कबूल करतो की मी पिऊन चालवणार नाही, प्यायलेल्याच्या गाडीत बसणार नाही, फोन करीन. आणि आईबाप कबूल करतात की कितीही वाजता फोन आला तरी आम्ही न्यायला येऊ आणि त्या वेळी एकही प्रश्न विचारणार नाही. २००२ पासून टेक्सासमधे तिथल्या ए अँड एम विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने चालवलेला कार्यक्रमही असाच आहे. शास्त्र मोठे पुरवतात, पण निरोप पोचवतात मुलं, आपल्या कॉलेजात, आपल्या भाषेत. रात्रीचं ड्रायव्हिंग, वेग, मोबाईल आणि मित्रांचा गोंधळ, सीटबेल्ट, दारू, असे मोजके पाच विषय.

जादूची कांडी नाही ही. नुसती जनजागृती करून आकडे खाली येत नाहीत, त्याला नियम आणि अंमलबजावणीची जोड लागते. पण नियम पाळायचे की नाही हे रात्री साडेअकराला चौकात ठरतं, आणि तिथे ना पोलीस असतो ना बाबा. तिथे फक्त मित्र असतो.

आक्षेप तिसरा: "आपल्याकडे आरएसपी आहे की." आहे, आणि चांगली कल्पना आहे. पण दोन अडचणी. एक म्हणजे ती शाळेत असते. मुलगा अकरावीला गेला, युनिफॉर्म सुटला, आणि नेमकी त्याच वर्षी किल्ली हातात येते. दुसरी म्हणजे आपण अशा कामाला निवडतो कोणाला? वर्गाच्या मॉनिटरला! ज्याचं कोणी ऐकत नाही त्याला शिट्टी आणि पट्टा देऊन चौकात उभं करतो. अहो, टपरीवर ज्याच्याभोवती घोळका जमतो तो निवडा. ज्याची गाडी सगळ्यांना हवीशी वाटते ती मुलगी निवडा. शिट्टी नका देऊ, बिल्ला नका देऊ. बिल्ला लावला की तो साहेब झाला, मित्र राहिला नाही.

करायचं काय, ते साधं आहे. प्रत्येक ज्युनियर कॉलेजात बारावीची दहा-पंधरा मुलं घ्या. त्यांना दोन शनिवार नीट माहिती द्या, वर लिहिलेले अभ्यास दाखवा, मुलांना आकडे आवडतात. मग त्यांना स्वतः गेटवर उभं राहून मोजू द्या, किती हेल्मेटं, किती ट्रिपलसीट. दंड नाही, नावं नाहीत, फक्त आकडा फळ्यावर. महिन्याने पुन्हा मोजायचं. अकरावीच्या वर्गात त्यांनीच जायचं, सर बाहेर. आणि चक्क वाक्यांचा सराव करायचा, नाटकाच्या तालमीसारखा. "मला घरून फोन आलाय, इथेच सोड." "माझ्याकडे हेल्मेट नाही, मी रिक्षाने येतो." "तू प्यायलायस, किल्ली दे, सकाळी देतो." सतरा वर्षांच्या पोराला हे माहीत असतं, पण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटत नाही. तालीम केली की फुटतो.

आणि पालकांनो, किल्ली तुमच्याकडे आहे. ती खिळ्याला लटकवलेली असते, पिंट्याच्या हाताला येईल अशी. हे काम मुलांवर ढकलता येणार नाही. उद्या त्याच्या हातून काही झालं तर विमा कंपनीही तुमच्याकडे बोट दाखवेल, कारण चालवणाऱ्याकडे लायसन्सच नव्हतं. दूध-भाजी पायी आणता येते हो. नाहीतर सायकल आहे.

*

आता शेवटचं, आणि हे तुम्हाला-मला उद्देशून.

इथे वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण पंचवीस-तिशीतले. पोरं टीनएजर व्हायला अजून वेळ आहे. तेव्हा हा लेख दुसऱ्याच कोणासाठी आहे असं वाटत असेल तर थांबा. पिंट्याला बाबा बोअर वाटतात, पोलीस मामा वाटतो. पण त्याचा एक दादा आहे. पुण्यात आयटीत आहे, नवीन बुलेट घेतलीय, लोणावळ्याला पहाटे राईडला जातो आणि स्पीडोमीटरचा व्हिडीओ स्टेटसला टाकतो. किंवा एक ताई आहे, जी हिंजवडीच्या ट्रॅफिकला कंटाळून रोज अर्धा किलोमीटर राँग साईडने येते आणि घरी ते हसत हसत सांगते. पिंट्याचा खरा अभ्यासक्रम तिथे तयार होतो. आपल्या वयाला आपण त्याच्यासाठी मोठी माणसं नसतो, मोठे मित्र असतो. तो दादा म्हणाला "हेल्मेटशिवाय मी किल्ली लावत नाही", तर पिंट्या ते आपल्या टपरीवर जाऊन स्वतःचं म्हणून सांगेल.

तेव्हा पुढच्या वेळी पंगतीत कोणी म्हणालं, "आमचा पिंट्या आठवीपासून चालवतो", तर "अरे वा" म्हणू नका. "काका, लायसन्स काढलं का त्याचं?" एवढंच विचारा. पंगतीत शांतता पसरेल. काकू वाढता वाढता थांबतील. खडूस म्हणतील तुम्हाला. म्हणू देत. आणि पिंट्याने "दादा, सोडतो तुला स्टँडवर" म्हटलं तर मागे बसू नका. कौतुकाने सुद्धा नको. रिक्षा करा, आणि का करताय ते त्याला नीट सांगा.

बघा पटतंय का.